डॉक्टरांचं दुसरं वाक्य

९ ऑगस्ट, बुधवार

आज इस्पितळात गगनबावड्याकडचं एक कुटुंब आलं. संयोगिता, वय चोवीस, पहिलंच बाळंतपण, एकवीस आठवडे झालेले. नवरा यशराज गावच्या दूध संस्थेत फॅट तपासतो. सासू बाळाबाई साधारण माझ्याच वयाच्या. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी होतं, दोन तास एसटी उभी, त्यामुळे पोचायला दुपार झाली. तिघांचीही पावलं भिजलेली.

जिनेंद्रनं नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत सांगितलं. चौथीत मी त्याला शिकवलंय. तेव्हाही त्याचं उत्तर बरोबर असायचं आणि कुणाला ऐकू जायचं नाही. आता लहान मुलांचा सर्जन आहे, हाताला यश आहे, बोलणं मात्र तेच. म्हणून तर शाळेतून निवृत्त झाल्यावर मला त्यानं इस्पितळात बोलावून घेतलं. "टीचर, मी सांगतो ते लोकांच्या डोक्यावरून जातं. तुम्ही उलगडून सांगा." सहा वर्षं झाली. तो सांगतो, मग मी त्यांना शेजारच्या छोट्या खोलीत नेते, पाणी देते आणि पहिल्यापासून सांगते.

बाळाच्या छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला डावीकडे भोक आहे. त्यातून जठर आणि आतडी वर छातीत गेलीत. फुप्फुसाला वाढायला जागा उरलेली नाही. आईच्या पोटात बाळाला श्वास घ्यायचा नसतो, तोवर त्याचं काही अडत नाही. जन्मलं की अडतं.

मी कागदावर चित्र काढलं. यशराज वाकून बघत राहिला. "म्हंजे मधली भिंतच फुटलीया म्हना की."

"तसंच. डॉक्टर ती शिवतात."

"शिवल्यावर भागतंय?"

"फुप्फुस किती वाढलंय त्यावर आहे."

जिनेंद्र त्यांच्यासमोर म्हणाला होता, अशी दहा बाळं जन्मली तर चार-पाच घरी जातात. नंतर दाराशी मला एकटीला म्हणाला, "यकृतही वर चढलंय, टीचर. मग दहात दोन समजा. नीट सांगा त्यांना."

पहिलं वाक्य मी सांगितलं. दुसरं आज राहू दिलं. ती मुलगी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती, पीत नव्हती. एका दिवसात माणसानं किती ऐकायचं? पुढच्या बुधवारी येणार आहेत, तेव्हा सांगेन.

बाळ ठेवायचं की थांबवायचं, हे त्यांनी ठरवायचं. चोवीस आठवड्यांपर्यंत इथेच होतं, नंतर डॉक्टरांच्या सरकारी बोर्डाकडे जावं लागतं, हेही सांगितलं. मी कुणाला काय करा ते सांगत नाही. सहा वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही.

निघताना अल्बम दाखवला. ऑपरेशन झालेल्या मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो आईबाप पाठवतात, ते मी लावून ठेवते. संयोगिता हातकणंगल्याच्या तेजस्वीच्या फोटोवर थांबली. तेजस्वी लाल फ्रॉक घालून परातीत बसली आहे. "हिलापन हेच हुतं?"

"हेच," मी म्हणाले. पडद्याचंच होतं. यकृत जागेवर होतं.

तिनं मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला. जाताना पाणी प्यायली. मला बरं वाटलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

रुचिताशी वाजलं. ही पुण्याहून जनुकांचं शिकून आलेली आमची नवी मुलगी. हुशार आहे, बोलायला फटकळ. डबा खाताना म्हणाली, "काकू, रागावू नका, पण तुमच्या त्या अल्बममध्ये गेलेली बाळं कुठे आहेत?"

"गेलेल्यांचे फोटो कोण पाठवणार?"

"तेच म्हणतेय मी. सगळा अल्बम हसतोय. बघणाऱ्याला वाटतं, इथं सगळी हसतच घरी जातात."

"मग काय दाखवू? काचेच्या पेट्या?"

"काहीच दाखवू नका. आकडा सांगा आणि गप्प बसा."

मी म्हटलं, "तुला मूल झालं की कळेल." म्हणायला नको होतं. तिनं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली आणि म्हणाली, "चटणीपुरतं माफ."

या मुलींना सगळं आकड्यांत हवं असतं. माणसाला उभं राहायला काहीतरी धरायला लागतं, हे त्यांना कुणी शिकवत नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते.

संयोगिता खोलीत आली तीच वेगळी. वेणी घट्ट घातलेली, नवी टिकली. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, ठरलंय माझं. ठेवायचं."

यशराज जमिनीकडे बघत म्हणाला, "तिचं ठरलं म्हंजे आमचंबी ठरलं."

बाळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "माझं न्हाय ठरलं. बाई, म्या दोन मातीला दिल्याती. एक दोन दिसांचं, एक आठ. आठ दिसांचं जे असतंय, त्ये जास्त वंगाळ. त्येचं तोंड पाठ हुतंय. आत्ता हिनं त्येचं तोंड बघितल्यालं न्हाय, तवर मोकळं हू द्या म्हनतो मी."

"आत्या, चार-पाच जगत्यात," संयोगिता म्हणाली. "मॅडमनी दावलंय की."

"जगल्याली दावल्यात."

"मग काय मेल्याली दावायची?"

"तुज्यापुढं कोन बोलंल? कर बाई." आणि बाळाबाई बाहेर जाऊन जिन्यात बसल्या.

इतक्या कठोर बायका असतात. एवढी दोन मुलं गमावलेली बाई, आणि सुनेच्या पोटातल्या जिवाबद्दल असं बोलते. त्या पोरीचा चेहरा उजळलेला होता, त्यावर मी ते दुसरं वाक्य टाकू शकले नाही. सासूच्या हातात कोलीत दिल्यासारखं झालं असतं.

२० ऑगस्ट, रविवार

कपाट आवरलं. बेळगावच्या बोर्डिंगमधलं आठवीचं प्रगतिपुस्तक सापडलं. भूगोल एकोणऐंशी.

त्या वार्षिक परीक्षेत बाबा गेले. तार आली ती सिस्टर सुपीरियरनं आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. भूगोलाचा पेपर शेवटचा होता. तो देऊन आले तेव्हा मला आत बोलावलं, जवळ घेतलं आणि सांगितलं. चार दिवस होऊन गेले होते. मग स्वतः बसून मला चमच्यानं कस्टर्ड भरवलं. त्या पांढऱ्या झग्याला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा. आजही कुठे तो वास आला की मला आधार वाटतो.

आई मात्र त्या बाईंचं नाव काढू द्यायची नाही. "पोरीला बापाचं तोंड बघू दिलं नाही," एवढंच म्हणायची, अगदी शेवटपर्यंत. आईला त्यातली माया कधी कळली नाही.

३० ऑगस्ट, बुधवार

संयोगिताला आज चोवीस आठवडे झाले. तपासणीला दोघंच आले होते. सगळं जैसे थे.

आता सांगून काय उपयोग? उगाच चार महिने घोर. खरं सांगायचं तर मला आज हलकं वाटलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

अधूनमधून येतात ते. संयोगिता आता इथेच, फुलेवाडीला मावशीकडे राहायला आली आहे. आज एकटीच आली, पिशवीतून रताळी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, रडेल न्हवं ते जन्मल्यावर?"

मला सांगावं लागलं. रडू द्यायचं नसतं. रडलं की पोटात हवा भरते, आतडी फुगतात, फुप्फुस आणखी दाबलं जातं. जन्मल्या जन्मल्या श्वासनलिकेत नळी घालतात, औषध देऊन झोपवतात.

"म्हंजे आवाज न्हाय यायचा."

"ऑपरेशन झाल्यावर येईल. नळी काढली की."

"मग चालतंय. उशिरा का हुईना." मग म्हणाली, "आत्यांनी बाळुती शिवायला घेतल्यात. बोलत न्हाईत, पर शिवाय लागल्यात."

हे सांगताना ती हसली. मीही हसले.

६ डिसेंबर, बुधवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. मुलगी. दोन किलो सातशे. आवाज केला नाही, करू दिला नाही. लगेच वरच्या अतिदक्षता विभागात नेली.

पेटीवर चिठ्ठी आहे, "संयोगिता यांचे बाळ." डोक्यावर इतके केस. बाळाबाई काचेतून बघून म्हणाल्या, "यशवंताच्या बापाचं कपाळ." यशराजला त्या यशवंत म्हणतात.

९ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस थांबून आज ऑपरेशन केलं. साडेतीन तास. जिनेंद्र बाहेर आला तो टोपी काढायची विसरून गेला होता. पडदा शिवला म्हणाला. आतडी, यकृत खाली आणलं. डावं फुप्फुस बोराएवढं.

मी संयोगिताला सांगितलं, ऑपरेशन झालं, पडदा शिवला. बोराचं सांगितलं नाही.

१० डिसेंबर, रविवार

श्वासाचं मशीन वाढवलं. संयोगिताला आत सोडलं. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिनं बाळाच्या तळपायाला बोट लावलं. पाय आखडला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "गुदगुल्या हुत्यात तिला."

बाळाबाई चार दिवस जिन्यातच आहेत. कुणी उठा म्हटलं की म्हणतात, "मी काय तुमच्या वाटंत हाय?"

१२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी पावणेतीनला गेली.

नळ्या काढल्यावर बाळाला आईच्या मांडीवर दिलं. संयोगिता कान तिच्या तोंडाशी नेऊन बराच वेळ बसली. मला आधी कळलं नाही काय करते आहे. मग कळलं.

गाडीत बसताना बाळाबाई पुढे झाल्या. "आण हिकडं. आईनं न्यायचं नसतंय." पदराखाली घेतलं, जिवंत मुलाला वाऱ्यापासून जपतात तसं. यशराजनं मला हात जोडले. मी रडले, तर त्यानंच मला "आवं मॅडम, तुमी कशाला" म्हटलं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

महिन्याची बैठक. गेलेल्या प्रत्येक बाळाबद्दल बोलायचं असतं. जिनेंद्र म्हणाला, "यकृत वर होतं, अपेक्षा कमीच होती. कुटुंबाला पूर्ण कल्पना होती ना, टीचर?"

मी "हो" म्हणाले.

रुचितानं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नाही. किंवा असेल.

१८ जानेवारी, गुरुवार

यशराज कागद न्यायला आला होता. निम्मा झालाय. चहा पाजला.

"घरात बोलनं बंद हाय बगा. आई म्हनती, म्या सांगत हुतो. पावणं येत्यात ते म्हनत्यात, डागतरनी म्हाईत करून दिलं हुतं, तरी पोरीनं हट्ट केला. तिच्या म्हायेरचीबी तसंच."

"आणि ती?"

"ती म्हनती, माझं मी ठरवलंय, माझं मी सोसतो, कुनी मधी यायचं न्हाय. सकाळी उठती, गोठा करती, भाकऱ्या थापती. दूध आटाय पंधरा दिस लागलं, त्यातबी कुनाला जवळ येऊ दिलं न्हाय."

त्याच्या कपात माशी पडली होती. बोटानं काढून तो चहा प्यायला.

सगळे तिला हट्टी म्हणताहेत. कल्पना असूनही केलं म्हणताहेत. तिला कल्पना नव्हती. हे जगात फक्त मला माहीत आहे.

२९ जानेवारी, सोमवार

जिनेंद्रला सांगितलं. त्याच्या खोलीत उभी राहून. त्यानं बसा म्हटलं नाही, पहिल्यांदाच.

ऐकून म्हणाला, "आणखी कुणाकुणाला, टीचर?"

मी आठवू लागले. आजऱ्याचं एक जोडपं. पाठीवर गाठ असलेलं बाळ होतं, त्यांना पायांत जोर नसेल हे सांगितलं होतं, लघवीवर ताबा नसेल हे सांगितलं नव्हतं. त्याआधी एक. मला वाटत होतं, मी त्यांना एकेक घास भरवते आहे.

"उद्यापासून रुचिता बसेल त्या खोलीत," तो म्हणाला. मग आवाज मऊ करून, "चूक माझीही आहे. मी तुमच्यावर टाकून मोकळा झालो."

मी म्हटलं, "गावाला जाऊन त्यांना सांगते. तिच्यावरचा आळ जाईल."

"आळ जाईल?" त्यानं चष्मा काढला. "टीचर, यातून तुम्हाला हलकं वाटेल. तिचं काय होईल ते मला माहीत नाही."

रुचिता जिन्यात भेटली. तिलाही सांगितलं. मला वाटलं होतं बोलेल काहीतरी. ती एवढंच म्हणाली, "जा, काकू. तिचं आहे ते, तिला द्या. पण ती त्याचं काय करेल ते तुम्ही ठरवू नका."

जायचं ठरवलं. सासूसमोरच सांगायचं, म्हणजे पोरीची सुटका होईल.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं गेले. फाट्यावर उतरून अर्धा तास चालले. यशराज दूध संस्थेत होता. बाळाबाई अंगणात नाचणी निवडत होत्या, संयोगिता पडवीतल्या चुलीवर भाकरी करत होती. मला बघून तिनं काटवटीतलं पीठ सारखं केलं आणि म्हणाली, "या मॅडम." खूप बारीक झाली आहे.

पाणी घेतलं आणि लगेच सांगितलं. नाहीतर परत राहिलं असतं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी कोणतं वाक्य सांगितलं, कोणतं ठेवून घेतलं. दहात दोन. तेजस्वीचं यकृत जागेवर होतं तेही. "संयोगितानं हट्ट नाही केला, बाळाबाई. तिला पूर्ण माहीतच नव्हतं. तिला बोल लावू नका. दोष माझा आहे."

बाळाबाईंचा हात सुपात थांबला. "डागतरला ठावं हुतं?"

"हो."

"तुमास्नी?"

"हो."

"म्हंजे हिला सोडून समद्यास्नी ठावं हुतं." सूप त्यांनी बाजूला सरकवलं. "आनि म्या गेलं दोन म्हैनं पोरीला घालून पाडून बोलतोय." त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, झालं. ज्यासाठी आले ते झालं.

संयोगितानं तव्यावरची भाकरी उलटली. आमच्याकडे पाठ होती.

"दहात दोन?"

"हो."

"यकृताचं म्हाईत असतं, तरी मी ठेवलंच असतं." भाकरी निखाऱ्याला लावली, फुगली, काढली. "न्हाईतर नसतं बी ठेवलं. आता कोन सांगनार मला?"

"बाळा, तुझ्यावरचा दोष जावा म्हणून मी…"

ती वळली. डोळे कोरडे होते. "मॅडम, घरचं, म्हायेरचं, गावातलं, सगळी बोलत हुती. मी म्हनत हुतो, माझं मी ठरवलं. त्यावर तर उभा हुतो मी. सगळं गेलं, पर त्ये एक माझं हुतं. त्ये पन तुमीच घेऊन गेलासा." मग अगदी साध्या आवाजात, "तवा का न्हाई सांगितलंसा? मला झेपलं नसतं, असं तुमाला कशावरनं वाटलं?"

बाळाबाई उठल्या. आत गेल्या, दोन ताटल्या घेऊन आल्या. "लांबनं आलाईसा. जेवल्याबिगर जाऊ नगा."

मी नको म्हणाले. "बसा म्हनतोय न्हवं," त्या ओरडल्याच.

बसले. संयोगितानं वाढलं. भाकरी, कुळथाची आमटी, कांदा. दुसरी भाकरी न विचारता ताटात ठेवली, वर तेल घातलं. तिचं बोट भाजलेलं दिसत होतं.

फाट्यापर्यंत बाळाबाई सोडायला आल्या. एसटीला वेळ होता. माझ्या शेजारी दगडावर बसल्या. गाडी दिसली तेव्हा म्हणाल्या, "तुमी वंगाळ न्हाईसा, त्ये कळतंय मला. पर परत येऊ नगा बाई." आणि कंडक्टरला हाक मारून सांगितलं, "ह्यास्नी बसाय जागा द्या रं."

घरी येऊन हे लिहिते आहे. तिनं सरळ विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं ते आठवून बघते आहे. उत्तर दिलंच नाही. मान खाली घालून दोन्ही भाकऱ्या संपवल्या.